रंगाखालचा पत्रा

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे रंगाचे डबे उघडतात. भिंतींना सफेदी होते, खिडक्यांच्या गजांवरून तेलरंगाचा हात फिरतो, तुळशीवृंदावनाला गेरू लागतो, आणि ज्या डागावरून घरातली मंडळी वर्षभर एकमेकांना बोल लावीत असतात तो डाग एका दुपारीत नाहीसा होतो. रंग ही मोठी उपकारी वस्तू आहे. थोड्या पैशांत जुन्याचे नवे करून दाखवण्याची तिच्याइतकी हातोटी दुसऱ्या कशात क्वचितच असेल. परंतु ‘करून दाखवणे’ या दोन शब्दांतच सगळी अडचण आहे. रंगाने खरोखर काही केले, की नुसतेच दाखवले? भिंतीची ओल गेली, की ओलीवर पडदा पडला? हा प्रश्न भिंतीपुरता असता तर तो गवंड्यावर सोपवून आपण खुशाल फराळाला बसलो असतो. पण तो माणसांच्या व्यवहारालाही लागू पडतो. आणि एखाद्या जुन्या मोटारीच्या गंजलेल्या पत्र्यावर तो जितका उघडा होऊन उभा राहतो, तितका दुसरीकडे क्वचितच राहत असेल. म्हणून चकलीच्या ताटाशेजारी आज गंजाची गोष्ट मांडतो आहे. वाचकांनी नाक मुरडू नये.

मोटार आपल्या ओळखीचीच घेऊ. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६४ पासून निघालेल्या फियाट ११०० डिलाइटलाच सत्तरीच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईकरांच्या दोन पिढ्या या गाडीतून वरातीला गेल्या, बाळंतिणीला घरी घेऊन आल्या आणि पावसात अडकून पडल्या. काळ्या-पिवळ्या रंगाची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या हौशी माणसांच्या दारात आहेत. कुणाला वडिलांची आठवण म्हणून ती ठेवायची असते, कुणाला नुसताच जुन्याचा लोभ असतो. कारण कोणतेही असो, अशा गाडीचा सांभाळ करणाऱ्याला एक शत्रू चुकत नाही, आणि तो म्हणजे गंज.

पद्मिनी म्हणजे कमलिनी. कमळाचे पान पाण्यात राहूनही कोरडे असते असे आपण लहानपणापासून ऐकतो. या पद्मिनीला मात्र पाण्याचा थेंब थेंब भोवतो. काचेभोवतालच्या रबराखालून पावसाचे पाणी हळूच आत उतरते. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की दाराच्या पोटात डबके साचते. मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात चाकांनी उडवलेली माती घट्ट बसते आणि पाऊस संपल्यावरही महिनाभर ओली राहते. पायांखालच्या गालिच्याच्या आड तर सूर्यप्रकाश कधीच जात नाही. त्यात मुंबईची हवा खारी, आणि मिठाच्या संगतीत गंजाला दुप्पट हुरूप येतो. या सगळ्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एकच: बहुतेक गंज आतून बाहेर येतो. मालकाला दारावर रुपयाएवढा फुगवटा दिसतो, तेव्हा आतल्या बाजूने पत्रा तळहाताएवढा खाल्लेला असतो. फुगवटा ही गंजाची सुरुवात नव्हे, ती त्याने आपल्याला पाठवलेली बऱ्याच उशिराची चिठ्ठी असते.

गंजाला आपण लोखंडाचा रोग म्हणतो, पण लोखंडाच्या बाजूने पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. खाणीतून निघणारे लोहखनिज हे बहुतेक वेळा लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुगच असते. कोकणच्या जांभ्या दगडाला जो तांबडा रंग आहे तोही याच कुळातला. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन आपण लोखंडाला त्या जोडीदारापासून तोडतो, लाटून पत्रा करतो, वाकवून मोटार करतो. हवा आणि ओलावा मिळाला की ते पुन्हा आपल्या मूळ घराकडे निघते. बहुतेक धातू हवेने मळतात. परंतु अ‍ॅल्युमिनियमवर जो थर चढतो तो घट्ट बसून आतल्या धातूचे रक्षण करतो, आणि तांब्यावरचा हिरवट थरही पुष्कळसे तेच करतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो मूळ धातूपेक्षा अधिक जागा मागतो, फुगतो, भुसभुशीत होऊन पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेपुढे उघडे टाकतो. काही जखमांवर खपली धरते, आणि खपलीला हात न लावणे हेच शहाणपण असते. लोखंडाच्या जखमेला अशी भरवशाची खपली नाही. ‘राहू द्या, आपोआप बरे होईल’ हे वाक्य तिथे चालत नाही.

अशी गाडी गॅरेजात आली की मिस्त्रीपुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट सोपी आणि स्वस्त. वरचा फुगवटा खरवडायचा, भोकात काहीतरी कोंबायचे, त्यावर पुट्टीचा जाड थर थापायचा, वाळली की घासून गुळगुळीत करायची आणि वरून रंगाचा फवारा मारायचा. दोन दिवसांत गाडी आरशासारखी लखलखते. शेजारी बाहेर येऊन पाहतात. पुट्टीखाली गंज मात्र जिवंत असतो, आणि आता तो कुणाला दिसत नाही म्हणून अधिक निश्चिंतपणे आपले काम करू लागतो. एखाद-दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच जागी पूर्वीपेक्षा मोठा फुगवटा उठतो.

दुसरी वाट लांबची. आधी दारांचे आतले अस्तर, रबरे, पट्ट्या, दिवे सगळे उतरवायचे. मग लहान हातोडीने पत्रा वाजवत जायचे. बाजारात मडके घेताना आपल्या आज्या ते वाजवून घेत असत, तशातलाच हा प्रकार: धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द बोलतो. जिथे बद्द आवाज येतो तिथे पेचकसाचे टोक रेटून पाहायचे; ते आरपार गेले तर तो भाग कापून काढायचा. किती कापायचा? चांगला पत्रा लागेपर्यंत. मग त्याच जाडीचा नवा पत्रा मूळ वळणाप्रमाणे ठोकून आकारायचा आणि कडेला कड लावून जोडायचा. तोही सलग जोडून चालत नाही. पातळ पत्रा उष्णतेने वेडावाकडा होतो, म्हणून इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, मध्ये गार होऊ द्यायचे, असे धीराने करावे लागते. नंतर घासणे, गंजरोधक अस्तर, अगदी पातळ पुट्टी, पुन्हा घासणे, पुन्हा अस्तर, आणि या सगळ्यानंतर रंग. पाहणाऱ्याला शेवटी दिसतो तो रंगच. दोन्ही वाटांनी आलेल्या गाड्या रंगवल्याच्या दिवशी सारख्याच सुंदर दिसतात.

सारख्याच दिसतात, म्हणून जुन्या गाड्यांचे जाणकार खिशात एक लहानसे लोहचुंबक ठेवतात. ते पत्र्यावरून फिरवीत नेले की धड लोखंडावर चिकटते, आणि जाड पुट्टी आली की निसटते. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, हे आपल्याला ठाऊक आहे. चुंबकाला ते ठाऊक असण्याची गरज नाही, कारण ते रंगाकडे पाहतच नाही.

इथे कोणी म्हणेल की बाबा रे, हा शेवटी शोभेचा प्रश्न आहे. गंज वर दिसला काय आणि आत राहिला काय, गाडी तर चालते ना? पुष्कळ जुन्या गाड्यांत खाली एक भक्कम सांगाडा असे आणि वरचा पत्रा हा नुसता अंगरखा असे; तिथे हे म्हणणे काही अंशी चालून जाते. परंतु १९५३ साली इटलीत निघालेली जी फियाट ११०० ही पद्मिनीची पूर्वज, तिच्यात वेगळा सांगाडाच नव्हता. पत्र्यांच्या पेट्या आणि वळणे एकमेकांना जोडून त्यांनीच सगळा भार पेलावा, अशी तिची रचना होती, आणि तीच पद्मिनीत आली. म्हणजे या गाडीची कातडी हीच तिची हाडे. दाराखालची जी पोकळ पट्टी, गाडीचा उंबरठाच म्हणा ना, ती आतून कुजली तर एखाद्या दिवशी चाक बदलताना लावलेला जॅक गाडी उचलण्याऐवजी पत्रा फाडून वर येतो. अपघातात काय होईल ते सांगायला नको. अशा उंबरठ्यावर पुट्टी थापणे ही शोभेची लबाडी राहत नाही. त्या गाडीत बसणाऱ्या मुलाबाळांशी केलेला तो दगा असतो.

तरीही पुट्टी थापणारा प्रत्येक माणूस दगाबाज, असा निकाल देण्याची घाई मी करणार नाही. ज्याची चूल टॅक्सीवर पेटत असे, त्याला गाडी महिनाभर गॅरेजात ठेवणे म्हणजे महिनाभर उपाशी बसणे होते. पासिंगची तारीख उंबरठ्यावर, हातात थोडे पैसे. तो पुट्टी थापी आणि पुढल्या वर्षी नीट करू म्हणे. पुढल्या वर्षी मुलीचे लग्न निघे. दारिद्र्यात माणूस खोटे बोलतो ते पुष्कळदा वेळ विकत घेण्यासाठी. त्याला बोल लावण्याआधी, त्याची गाडी महिनाभर उभी राहील आणि तरीही घर चालेल अशी सोय आपण कुणी केली होती काय, हे विचारले पाहिजे. दोष मला दिसतो तो दुसरीकडे: ज्याच्यापाशी पैसा आहे, वेळ आहे, आणि तरीही जो पत्रा वाजवून पाहत नाही, कारण बद्द आवाज येईल हे त्याला आधीच ठाऊक आहे.

आणि आता आपण गॅरेजातून घरात येऊ. येणे भागच आहे, कारण दिवाळीत आपण सगळेच थोडेबहुत रंगारी होतो. वर्षभराची रुसवी-फुगवी आपण या चार दिवसांपुरती बाजूला ठेवतो, आणि ते चांगलेच करतो. पण एक उदाहरण पाहा. वडील गेले. गावची जमीन, शहरातले घर भावांच्या नावावर व्हायचे आहे. एके दिवशी बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली कायद्याने दिला, आणि २००५ साली तो देशभर झाला; पण कागद पुढे करताना तिला कोणी विचारीत नाही, ‘ताई, तुझे काय म्हणणे आहे?’ विचारले जाते ते एवढेच, ‘पेन आहे ना?’ ती सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. मग भाऊबीज येते. भाऊ भारी साडी आणतो, ताटात पाकीट ठेवतो, सगळे हसतात, फोटो निघतात. रंग झकास बसलेला असतो. आणि पुढे कित्येक वर्षे कोणाला कळत नाही की ताई हल्ली दोनच दिवस का राहते, नेमके बोलता बोलता गप्प का होते. फुगवट्याची चिठ्ठी आलेली असते, वाचणारा नसतो.

सर्वच बहिणी दुःखाने सही करतात असे नव्हे. कित्येकींनी मनापासून, समजून-उमजून हक्क सोडला आहे, आणि त्यांच्या भाऊबिजेला मी गंजाचे नाव ठेवणार नाही. दोन्ही घरांतले ताट सारखेच, साडी सारखीच, हसणेही सारखेच. फरक एवढाच की एका घरात तो प्रश्न मोठ्याने विचारला गेला होता आणि उत्तर ऐकून घेतले गेले होते. दुसऱ्या घरात तो विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. कुटुंबातल्या मौनाचीही अशी दोन जातींत वाटणी करता येईल. एक मौन निकालानंतरचे: बोलून झाले, चुकलेले कबूल झाले, देणे दिले गेले, आणि आता तो विषय काढायचा नाही. हे मौन अस्तरासारखे आहे. ते खालच्या धड धातूला जपते. दुसरे मौन निकालाच्या ऐवजी आलेले. ते पुट्टी. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ हे वाक्य दोन्हीकडे तोंडभर म्हटले जाते, म्हणून नुसत्या वाक्यावरून पारख होत नाही. तो विषय चारचौघांत सहज निघाला तर घर खणखणते की बद्द वाजते, यावरून होते.

परंतु खरेपणाचेही एक वेड असते, आणि त्याने पत्र्याचे काही कमी नुकसान केलेले नाही. काही हौशी माणसे एकदा घासायला बसली की थांबत नाहीत. एक डाग गेला की त्यांना दुसऱ्याचा संशय येतो. चाक फिरतच राहते आणि जो पत्रा धड होता तोही झिजून कागदासारखा होतो. घरातही अशी माणसे असतात. निर्मळ बोलण्याच्या नावाखाली ती तीस वर्षांपूर्वीच्या मानपानाचे पापुद्रे दर सणाला सोलून काढतात आणि मग म्हणतात, ‘मी आपला स्पष्टवक्ता.’ कमी कापणारा खोटे बोलतो; जास्त कापणारा जे टिकणार होते तेच नष्ट करतो. मिस्त्रीचा नियम या दोघांनाही लागू आहे: चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचे, आणि चांगला पत्रा लागला की थांबायचे. वाक्य सोपे आहे. त्याचा उत्तरार्ध पाळायला पूर्वार्धाइतकेच धैर्य लागते.

कापून नवे जोडताना एक जुनी शंका मनात येते: इतके बदलल्यावर ही गाडी तीच राहिली काय? मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या एकत्र असण्याला आपण व्यवहारात रथ म्हणतो. आपल्या वाहन खात्याने हा प्रश्न अधिक सुटसुटीत केला आहे. गाडीवर कोरलेला चासी क्रमांक आणि आर. सी. पुस्तकातला क्रमांक जुळला की ती तीच गाडी. मला दोघांचेही थोडे पटते. एकेका पत्र्यात गाडी नसते, म्हणून कुजलेला पत्रा टाकून देताना शोक करू नये. आणि क्रमांकाची खूण पुसू नये, म्हणजे काय बदलले ते विचारणाऱ्याला सांगता येईल.

कधी कधी मात्र काहीच न करणे हाच खरेपणा ठरतो. १९२५ साली बनलेली एक बुगाटी मोटार इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरच्या माजोरे सरोवरात बुडाली होती. अनेक दशके तळाशी राहिल्यावर २००९ च्या जुलैत ती वर काढण्यात आली. एक बाजू पार खाऊन गेलेली, पत्र्याची जाळी झालेली. २०१० साली पॅरिसच्या लिलावात तिला अडीच लाखांहून अधिक युरो मिळाले, आणि तो पैसा हिंसाचारात बळी पडलेल्या एका तरुणाच्या स्मरणार्थ चाललेल्या कार्याला गेला. घेणाऱ्याने तिला दुरुस्त केले नाही; कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात जशीच्या तशी मांडली. ती गाडी आता कोणाला कुठे नेणार नव्हती, म्हणून तिच्या गंजाला तिचा इतिहास होण्याची मुभा होती. ज्या गाडीत माणसे बसायची आहेत, तिला ही चैन परवडत नाही. आणि घर ही अशीच वस्तू आहे. त्यात माणसे बसायची असतात.

याच्या उलट, वरचे थर काढणे हीच दुरुस्ती असेही घडते. लोखंडी पुलांना आणि जहाजांना गंज लागू नये म्हणून जे तांबडे अस्तर पूर्वी सर्रास देत असत, त्यातला मुख्य पदार्थ म्हणजे शिशाचा तांबडा भस्म, आपला शेंदूर. विषारी म्हणून त्याचा वापर आता मागे पडला आहे. तोच शेंदूर आपण पिढ्यान्‌पिढ्या देवाला वाहत आलो. वणीच्या सप्तशृंगगडावर २०२२ साली देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे साठलेले कवच विधिपूर्वक काढण्यात आले, आणि आतले मूळ रूप लोकांना दिसले. तो शेंदूर कोणी लबाडीने फासला नव्हता. थरावर थर चढला तो भक्तीने. प्रेमानेही मूळ रूप झाकले जाते, आणि ते उघडे करणे म्हणजे प्रेमाचा अव्हेर नव्हे, हे त्या प्रसंगाने कितीतरी माणसांनी डोळ्यांनी पाहिले.

रंग देण्याची वेळ येते तेव्हा मिस्त्रीपुढे एक शेवटचा पेच असतो. कारखान्याच्या यादीतला मूळ रंग हुबेहूब बनवला, तरी तो जुन्या दाराशेजारी उठून दिसतो, कारण बाकीची गाडी इतकी वर्षे उन्हात विटलेली असते. म्हणून तो डबीत थेंब थेंब घालून मूळ रंगाला थोडे म्हातारे करतो, विटलेल्या दाराशी जुळेल इतके. यात फसवणूक नाही. आतला पत्रा धड आहे, आणि नव्याने जुन्याशी सलोख्याने राहावे एवढीच त्यामागची इच्छा आहे. समेटानंतर माणसांनीही पहिल्या दिवसाचा झगझगीत रंग मागू नये. इतकी वर्षे जी उन्हे दोघांनी सोसली, त्यांचा मान ठेवणारी एखादी फिकट छटा पुरे होते.

चांगला मिस्त्री गाडी परत देण्याआधी आणखी एक काम करतो, आणि ते कोणालाही दिसत नाही. दारांच्या आणि उंबरठ्याच्या पोकळीत तो गंजरोधक मेणाचा किंवा तेलाचा फवारा सोडतो, आणि तळाची बुजलेली भोके तारेने मोकळी करतो. पाणी आत येणारच, हे त्याने गृहीत धरलेले असते; त्याला बाहेर जायला वाट हवी, एवढेच तो पाहतो. ज्या घरात उरलेली तक्रार बोलून दाखवायला अशी एखादी लहानशी वाट मोकळी असते, त्या घराला पुट्टीची गरज फारशी पडत नाही. यंदा भिंतींना रंग देऊन झाला असेल, ताटे मांडली जात असतील, बहीण दारात येऊन उभी असेल. ओवाळून झाले की घाईने फोटोसाठी उठू नका. जरा बसा, आणि तिला विचारा की तिचे काय म्हणणे आहे.